बीबीहून मेळघाटला जायचंय? जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या दुर्गम जंगलाबद्दल माहीत असाव्यात अशा गोष्टी

बुलढाणा जिल्ह्यात पत्ता सांगायची एक जुनी पद्धत आहे. गाव ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’, एवढं कळलं की अर्धी ओळख पटते. लोणार तालुक्यातलं बीबी घाटावरचं. खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा घाटाखालचे. पण जिल्हा घाटाखाली संपत नाही. शेगावच्या पुढे पूर्णा नदी ओलांडून संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या बाजूला गेलं की क्षितिजावर निळसर डोंगररांग दिसू लागते. तो सातपुडा. त्याच्या कुशीत मेळघाटचं जंगल आहे, आणि त्या जंगलाचा एक तुकडा, अंबाबरवा, आपल्याच जिल्ह्यात आहे.

लोणार तालुका जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व टोकाला आणि अंबाबरवा उत्तर टोकाला. मध्ये अख्खा जिल्हा. त्यामुळे बीबी, सुलतानपूर, दुसरबीड भागातल्या अनेकांनी ताडोबाचे व्हिडिओ पाहिलेले असतात, पण स्वतःच्या जिल्ह्यातलं वाघाचं जंगल पाहिलेलं नसतं. तिथे जायचं कसं, काय पाहायचं, काय सांभाळायचं आणि या जंगलाशी आपला संबंध काय, याची ही माहिती.

‘मेळघाट’ म्हणजे नेमकं काय?

मेळघाट, गुगामल, नरनाळा, अंबाबरवा ही नावं एकमेकांत मिसळून वापरली जातात. त्यामुळे बुकिंग करताना गोंधळ होतो. आधी तो सोडवू.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. अमरावती जिल्ह्यातले चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके मिळून मेळघाट म्हणून ओळखले जातात. १ एप्रिल १९७३ रोजी देशात ‘प्रोजेक्ट टायगर’ सुरू झाला. त्यात निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांमध्ये मेळघाट होतं, आणि १९७४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. महाराष्ट्रातला हा पहिला व्याघ्र प्रकल्प.

या प्रकल्पाचा गाभा, म्हणजे कोअर क्षेत्र, पाच संरक्षित जंगलांनी बनलेला आहे :

- गुगामल राष्ट्रीय उद्यान : ३६१.२८ चौरस किलोमीटर
- मेळघाट अभयारण्य : ७८८.७५ चौरस किलोमीटर
- वान अभयारण्य : २११ चौरस किलोमीटर
- अंबाबरवा अभयारण्य : १२७.११ चौरस किलोमीटर
- नरनाळा अभयारण्य : १२.३५ चौरस किलोमीटर

बेरीज सुमारे १,५०० चौरस किलोमीटर होते. त्याच्याभोवती बफर क्षेत्र आहे, तिथे गावं, शेती आणि जंगल एकत्र नांदतात. दोन्ही मिळून प्रकल्प पावणेतीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जातो.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत कायद्याने फरक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला परवानगी नसते. अभयारण्यात काही अटींवर ती मिळू शकते. म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचं कुंपण कायद्याने सर्वात कडक. महाराष्ट्रात अशी सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव, संजय गांधी, चांदोली आणि गुगामल. गुगामलला हा दर्जा १९८७ मध्ये मिळाला.

बीबीहून जायचं कसं?

बीबी जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर आहे, त्यामुळे सुरुवात सोपी. आधी मेहकर गाठायचं. तिथून तीन वाटा फुटतात.

पहिली, अंबाबरव्याची. मेहकरहून खामगाव, शेगाव, वरवट बकाल आणि पुढे सोनाळा. जिल्ह्याबाहेर न जाता सातपुडा गाठायचा असेल तर हीच वाट. शेगावला दर्शन घेऊन पुढे निघता येतं. रस्त्याने पिकं बदलत जातात. घाटावरचं सोयाबीन मागे पडतं, पूर्णेच्या खोऱ्यात कपाशी दिसू लागते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा लागतात.

दुसरी, नरनाळ्याची. मेहकर, मालेगाव, पातूर, अकोला, अकोट आणि पोपटखेडमार्गे शहानूर. इथे सफारीसोबत नरनाळा किल्लाही पाहता येतो. किल्ल्याचा महाकाली दरवाजा आणि नऊगजी तोफ प्रसिद्ध आहेत. एका दिवसात किल्ला आणि जंगल दोन्ही धरायचा मोह होतो, पण दोन्हींना निवांत वेळ द्यायचा तर मुक्काम करावा.

तिसरी, मेळघाटच्या पोटात नेणारी. अकोटहून अंजनगाव सुर्जी, परतवाडा, मग घाट चढून घटांग आणि सेमाडोह. हाच रस्ता पुढे कोलकास, हरिसाल आणि धारणीकडे जातो. घटांगहून एक फाटा चिखलदऱ्याला जातो. परतवाड्याहून धारणी आणि चिखलदऱ्यासाठी एसटी आहे. बीबीहून सेमाडोह म्हणजे अख्ख्या दिवसाचा प्रवास धरा. सकाळी लवकर निघा आणि उजेड असतानाच घाट चढा.

रेल्वेने येणाऱ्यांना शेगाव, अकोला, बडनेरा आणि अमरावती ही स्थानकं सोयीची. पूर्वी अकोला-खंडवा मीटरगेज गाडी अकोटहून थेट जंगलातून जायची. धुळघाटजवळ ती डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून वर यायची. अकोट ते खंडवा हा टप्पा २०१७ पासून बंद आहे. त्याबद्दल पुढे पाहू.

‘दुर्गम’ हा शब्द गंभीरपणे घ्या

ताडोबाच्या मोहर्ली गेटसमोर हॉटेलांची रांग आहे. मेळघाटात तसं नाही. इथे दोन वस्त्यांमध्ये बराच वेळ फक्त साग आणि वळणं असतात. त्यामुळे निघण्यापूर्वी काही गोष्टी ठरवून ठेवाव्या लागतात.

नेटवर्क : २०१६ मध्ये हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. तरीही जंगलातल्या मोठ्या पट्ट्यात मोबाईलला रेंज नसते. नकाशा आधीच डाऊनलोड करून ठेवा. बुकिंगची पावती आणि ओळखपत्र कागदावर सोबत ठेवा. आज कुठून कुठे जाणार आणि कधी पोहोचणार हे घरी सांगून निघा. ‘तिथे पोहोचल्यावर फोन करतो’ हे आश्वासन इथे देऊ नका, घरचे विनाकारण काळजीत पडतात.

पैसे आणि पेट्रोल : टाकी परतवाडा किंवा अकोटला भरा. रेंज नसेल तिथे क्यूआर कोडचा उपयोग नसतो, सुटे पैसे जवळ असू द्या.

दवाखाना : अचलपूर आणि धारणी इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. जंगलाच्या मधोमध असाल तर दोन्हीकडचं अंतर मोठंच. नेहमीची औषधं दोन दिवसांची जास्त घ्या. साप चावल्यास बांधणं, कापणं, चोखणं यात वेळ न घालवता अंग स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठायचं. पावसाळ्यात आणि त्यानंतर डास भरपूर, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम सोबत हवं. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना मेळघाटला गेल्याचं आवर्जून सांगा, हिवतापाची तपासणी लवकर होते.

मदतीचे क्रमांक : रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर आपत्कालीन मदतीसाठी ११२, वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’साठी १९२६. रेंज नसेल तर जवळचा वनविभागाचा नाका किंवा संरक्षण कुटी हाच आधार. तिथे वायरलेस असतो.

गाडी : रात्री घाटातून प्रवास टाळा. वळणावर गवा किंवा सांबर उभं असू शकतं. वनविभागाच्या नाक्यावर रात्री गाडी सोडली जाईलच असं नाही.

या अडचणी वाचून कुणी मागे फिरू नये. घाट, खोल दऱ्या आणि कमी रस्ते यांमुळेच हे जंगल इतकं मोठं आणि सलग उरलं. जे आपल्याला गैरसोयीचं वाटतं, तेच इथल्या वाघाच्या सोयीचं आहे.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : प्रवासाला सर्वात सुखाचा काळ. जंगल अजून दाट असतं, त्यामुळे प्राणी कमी दिसतात, पण पक्षी भरपूर. सेमाडोह-कोलकासची थंडी घाटावरच्या थंडीपेक्षा बोचरी असते. पहाटेच्या उघड्या जिप्सीत स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे तिन्ही लागतात.

मार्च ते जून : साग निष्पर्ण होतो, जंगल आरपार दिसतं आणि प्राणी पाणवठ्यावर येतात. मोहाची फुलं पडण्याचा हाच काळ. पहाटे मोहाखाली गावकरी फुलं वेचतात आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात, त्यामुळे पायी भटकणं धोक्याचं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या लेखी वणव्याचा हंगाम आहे. वाळलेल्या सागाच्या पानांवर पडलेली एक जळती विडी डोंगर पेटवू शकते. काडेपेटी गाडीतच राहू द्या.

याच काळात बुद्धपौर्णिमेच्या रात्री ‘निसर्ग अनुभव’ हा उपक्रम असतो. नोंदणी केलेल्या लोकांना पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसून येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायला मिळते. जागा मोजक्या असतात, म्हणून वनविभागाच्या घोषणेकडे लक्ष ठेवा.

जुलै ते सप्टेंबर : कोअरमधली सफारी साधारणपणे बंद असते. चिखलदरा मात्र याच काळात धुक्याने आणि धबधब्यांनी फुललेलं असतं, आणि गर्दीनेही.

बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. सफारी सकाळी आणि दुपारी अशा दोन फेऱ्यांत होते, सोबत स्थानिक गाईड घ्यावा लागतो. दर, वेळा आणि सुट्टीचा वार बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा. फॉरवर्ड झालेल्या जुन्या पोस्टमधल्या दरांवर विसंबू नका.

वाघ दिसेल का?

बहुधा नाही. हे आधीच मान्य केलं तर सहल चांगली होते.

२०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत आणि मेळघाट हे त्यांचं महत्त्वाचं घर आहे. पण हा डोंगराळ मुलूख आहे. ताडोबात सपाट जमिनीवर, तळ्याकाठी वाघ दिसतो. इथे तो दरीच्या पलीकडच्या उतारावर असतो आणि आपण अलीकडे. पायाचे ठसे, झाडावरचे ओरखडे, अचानक उठलेला सांबराचा किंवा वानराचा इशारा, एवढं मिळालं तरी गाईड खूश होतो.

मग पाहायचं काय? गवा. खांद्याशी माणसाएवढा उंच, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. सांबर, भेकर, चौशिंगा, आपल्याकडे रोही म्हणतात ती नीलगाय, अस्वल, कळपाने शिकार करणारे रानकुत्रे. वैराटच्या माथ्यावरून दिसणारा सूर्यास्त. वैराट हे मेळघाटातलं सर्वात उंच ठिकाण, उंची ११७८ मीटर.

आणि एक पक्षी, ज्याच्यासाठी परदेशातून लोक येतात : रानपिंगळा. हाताच्या ओंजळीत मावेल एवढं हे घुबड. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. १८८४ नंतर मात्र त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नाही, आणि ते नामशेष झालं असं मानलं गेलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ, सातपुड्याच्याच पायथ्याशी, पुन्हा दिसलं. एकशे तेरा वर्षांनी. त्यानंतर मेळघाटातही त्याचा वावर असल्याचं सिद्ध झालं. हा पिंगळा दिवसाही वावरतो. गाईडला ‘वाघ दाखवा’ म्हणण्याऐवजी ‘रानपिंगळा कुठे दिसतो’ विचारून पाहा, गप्पांचा सूरच बदलतो.

‘अरण्यऋषी’ म्हणून ओळखले जाणारे मारुती चितमपल्ली यांनीही वनसेवेतल्या नोकरीत मेळघाट व्याघ्र प्रकल्पात काम केलं. रानातली झाडं, पक्षी आणि प्राणी यांसाठी स्थानिक लोक वापरतात ते शब्द त्यांनी आयुष्यभर गोळा केले. इथल्या जंगलाची माहिती इथल्या माणसांच्या बोलीत साठलेली आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

जंगलात माणसंही राहतात

मेळघाट हे कोरकू आदिवासींचं घर आहे. ‘कोरकू’ म्हणजे माणसं. त्यांची भाषा मराठी किंवा हिंदीच्या कुळातली नाही. झारखंडमधल्या मुंडारी, संथाळी यांच्याशी तिचं नातं आहे. ती बोलणारे इतक्या पश्चिमेला फक्त इथेच, सातपुड्यात, सापडतात. सेमाडोह-कोलकासजवळून वाहणाऱ्या सिपना नदीचं नाव कोरकू शब्दावरून आलं आहे, सिपना म्हणजे साग. गवळी, गोंड, निहाल अशा इतर समाजांचीही वस्ती इथे आहे. होळी हा कोरकूंचा मोठा सण, तो अनेक दिवस चालतो.

दुर्गमतेची सर्वात मोठी किंमत याच लोकांनी मोजली. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या आणि कुपोषणाच्या बातम्यांनी राज्य हादरलं. त्याच्याही आधीपासून डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे हे दांपत्य धारणी तालुक्यातल्या बैरागडला राहून रुग्णसेवा करत होतं. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. आजही रस्ता, डॉक्टर आणि शिक्षक हे इथल्या गावांचे रोजचे प्रश्न आहेत.

दुसरा प्रश्न पुनर्वसनाचा. वाघाला निर्धोक जागा मिळावी म्हणून कोअरमधली गावं बाहेर हलवण्याचं काम गेल्या दोन दशकांपासून चाललं आहे. बोरी, कोहा आणि कुंड ही गावं आधी हलली, पुढे गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाणा अशी आणखी गावं अकोट भागात आली. २००८ पासून प्रत्येक पात्र कुटुंबासाठी १० लाख रुपयांचं पॅकेज होतं, २०२१ मध्ये ते १५ लाख झालं. गावं उठली तिथे गवत वाढलं, गवतावर हरणं आली आणि त्यांच्यामागे वाघ आला. जंगलाच्या बाजूने पाहिलं तर हे यश आहे.

गावकऱ्यांच्या बाजूने चित्र वेगळं दिसतं. मोह, तेंदूपत्ता, गुरं आणि कुटकी-ज्वारीची शेती यांवर जगणाऱ्या माणसाला एकरकमी पैसे आणि मैदानातलं घर मिळालं, पण जंगल गेलं. जमीन, रोजगार आणि आरोग्याच्या तक्रारी घेऊन काही कुटुंबं जुन्या गावात परतली. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी परिसरात गावकरी आणि वनविभाग-पोलिसांच्या पथकात संघर्ष झाला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली.

सफारीच्या जिप्सीतून जी मोकळी कुरणं सुंदर दिसतात, त्यांतली काही कालपर्यंत कुणाची तरी अंगणं होती. हे माहीत असलेला पर्यटक तिथे वेगळ्या नजरेने पाहतो. जी गावं अजून बफरमध्ये आहेत त्यांना पर्यटनातून थेट उत्पन्न मिळावं, हा त्यातला सोपा हिशेब. गाईड स्थानिक घ्या. जेवण गावात करा. खवा, मध, मोहाचे पदार्थ तिथेच विकत घ्या आणि घासाघीस करू नका. कोरकू बायका-मुलांचे फोटो न विचारता काढू नका. रस्त्याकडेच्या मुलांना गाडीतून चॉकलेट फेकण्याची सवय तर लावूच नका.

या जंगलाशी आपला काय संबंध?

आता बीबीचा संबंध पाहू. बीबीच्या शिवारात पडणारा पाऊस खडकपूर्णा-पैनगंगेच्या मार्गाने गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. घाट उतरून खामगावच्या खाली गेलं की पाण्याची दिशा बदलते. तिथली पूर्णा वेगळी, ती तापीला मिळते आणि अरबी समुद्राकडे जाते. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन पूर्णा आणि दोन समुद्र. मेळघाटातल्या सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्याही तापीच्याच लेकी.

घाटाखालच्या पूर्णाकाठी खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत जमिनीखालचं पाणी खारट लागतं. विहीर खोदली तरी ते पिण्याजोगं नसतं. शेती कोरडवाहू राहते आणि मूत्रपिंडाच्या आजारांची भीती घरोघर असते. या पट्ट्याला गोडं पाणी येतं ते उत्तरेकडून, सातपुड्यातून.

वान नदी मेळघाटच्या डोंगरातून उतरते. वारी भैरवगडजवळ तिच्यावर ‘हनुमान सागर’ धरण आहे. अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतल्या अनेक गावांची पाण्याची योजना या धरणावर उभी आहे. धरणाच्या वरच्या अंगाला वान आणि अंबाबरव्याचं जंगल आहे. पालापाचोळ्यात पाऊस मुरतो, ओढे उशिरापर्यंत वाहतात आणि धरणात गाळ कमी येतो. शेगावला गेलेला बीबीचा भाविक तिथे जे पाणी पितो, त्याचा उगम वाघाच्या घरात असू शकतो.

अकोट-खंडवा रेल्वेचा वाद याच ठिकाणी येतो. मीटरगेजचं ब्रॉडगेज करताना मार्ग जुनाच ठेवला असता तर वेगवान गाड्या व्याघ्र प्रकल्पातून धावल्या असत्या. वन्यजीवप्रेमींचा आग्रह होता की मार्ग जंगलाबाहेरून, हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूने न्यावा. त्यात अंतर वाढतं, पण जंगल वाचतं आणि रेल्वे नसलेल्या गावांना रेल्वे मिळते. राज्य सरकारनेही या पर्यायी मार्गाची बाजू घेतली. वाघ की विकास असा हा झगडा वाटतो, पण इथे रुळांची दिशा थोडी बदलली तर दोन्हींची सोय होऊ शकते.

दुसरा धागा वाघाचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण नर वाघाला रेडिओ कॉलर लावली गेली. त्याचं नाव सी-१, पुढे ‘वॉकर’ म्हणून तो जगभर गाजला. स्वतःचं क्षेत्र आणि जोडीदार शोधत तो तेलंगणात गेला, परत मराठवाडा-विदर्भात आला, कपाशीची शेतं, नाले आणि रस्ते ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबर २०१९ मध्ये पोहोचला तो थेट आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात, बुलढाणा-खामगावच्या मधल्या डोंगरात. कॉलर निघेपर्यंत त्याची एकूण चाल ३,००० किलोमीटरच्या पुढे गेली होती. ज्ञानगंगेत त्याला जोडीदार मिळाली नाही.

ज्ञानगंगा सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं, चहूबाजूंनी शेतीने वेढलेलं जंगल आहे. वाघ तिथवर येऊ शकतो हे सी-१ ने दाखवलं. तो तिथे टिकायचा असेल तर अशा छोट्या जंगलांना मेळघाटशी जोडणारे नाले, गायरानं आणि झुडपी रानं शिल्लक असावी लागतात. आपल्या शिवारातला झाडीचा ओढा हा त्या वाटेचाच भाग असतो.

फोन हातात असेल तेव्हा

३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पिल्लांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. व्हिडिओ व्हायरल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. गाडी पुढे घ्यायला चालकाला भाग पाडतो तो मागे बसलेल्याचा आग्रह, आणि त्या आग्रहामागे असतं तो व्हिडिओ. ज्यांच्या फोनसाठी हे घडतं ते घरी जातात, रोजगार गाईडचा बुडतो.

मेळघाटात अजून ती गर्दी नाही. ती येऊ द्यायची की नाही, यात आपला वाटा आहे. त्यासाठी एवढं पुरे :

- वाघ, बिबट्या, रानपिंगळा किंवा त्याच्या घरट्याचं नेमकं ठिकाण पोस्टमध्ये टाकू नका. ‘मेळघाट’ एवढंच लिहा. शिकारीही सोशल मीडिया पाहतात. मेळघाटात शिकारीच्या टोळ्या याआधी पकडल्या गेल्या आहेत.
- फोटोचं लोकेशन बंद ठेवा.
- पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका. तो आवाज त्याला शत्रूचा वाटतो आणि तो अंडी सोडून बाहेर येतो.
- ड्रोन उडवू नका, परवानगीशिवाय ते बेकायदा आहे.
- घाटात गाडी थांबवून माकडांना बिस्किटं देऊ नका. ती रस्त्यावर थांबायला शिकतात आणि गाडीखाली येतात.
- मोबाईल आत नेण्याचे नियम प्रवेशद्वारावर विचारून घ्या आणि पाळा.
- कचरा परत आणा. परतवाड्यापर्यंत पिशवी गाडीत राहिली तर काही बिघडत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सोपा बेत

एकच दिवस असेल तर अंबाबरवा किंवा शहानूर यांपैकी एक निवडा. आदल्या रात्री शेगाव किंवा अकोटला मुक्काम केला तर सकाळची सफारी मिळते. दोन रात्री असतील तर सेमाडोह किंवा कोलकासला राहा. एक सफारी करा, बाकी वेळ सिपनेच्या काठी आणि गावात घालवा. तिसरा दिवस मिळाला तर चिखलदरा आणि गाविलगड. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला भोसल्यांकडून घेतला आणि त्याच महिन्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्या तहाचं अंजनगाव तुमच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावरच आहे. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी सोबत असतील तर उन्हाळा टाळा आणि एका दिवसात दोन सफारी घेऊ नका. जिप्सीतले तीन-चार तास पाठीला जड जातात.

परतीच्या वाटेवर पूर्णेचा पूल लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा पसरलेला असतो आणि रस्त्याकडेच्या गावांत वानच्या पाण्याचे नळ असतात. जंगल कशासाठी राखायचं, हा प्रश्न सहलीत कुणी विचारलाच तर गाडी तिथे थांबवून उत्तर देता येईल.